डेटा ठेवायचाय का?

ठाण्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत लॅपटॉप दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. काउंटरवर कुठलंही मशीन ठेवा, झाकण उघडायच्या आधी दुकानदार एकच विचारतो, "डेटा ठेवायचाय का?" नको म्हणालात तर त्याचा चेहरा खुलतो. फॉरमॅट मारला, विंडोज मारली, संध्याकाळी घेऊन जा. हो म्हणालात की तो सुस्कारा सोडतो, मशीनवर चिकटपट्टी लावून तुमचं नाव लिहितो आणि ते मागच्या फळीवर सरकवतो. त्या फळीवरची मशीनं लवकर खाली येत नाहीत.

त्याचा राग यावा असं यात काही नाही. जुनं जपून नवं बसवायचं काम वेळखाऊ असतं आणि त्या वेळेचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. मी हो म्हटलं आणि लॅपटॉप पिशवीत घालून परत घरी आणला. हे काम आपणच करावं असं तिथल्या तिथे ठरलं.

लॅपटॉप तसा माझा नव्हे, सोसायटीचा. पांचपाखाडीतली आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची आहे, लिफ्ट नाही, आणि माझे सासरे, म्हणजे अप्पा, तिचे कित्येक वर्षांचे सेक्रेटरी. २०१३ मध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून हा लॅपटॉप घेतला गेला. पाण्याचा पंप, ॲल्युमिनियमची शिडी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या यांच्या खाली जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद आहे. तेव्हापासून नोटिसा, देखभालीची बिलं, सभांची इतिवृत्तं, उपनिबंधक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्याच्यावरच.

अप्पांनी त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. सकाळी बटण दाबायचं आणि देवपूजेला बसायचं. अथर्वशीर्ष संपता संपता पडद्यावर चित्रं उमटायला लागत. मग वर्डची फाइल उघडायला सांगायची आणि पेपरातलं शब्दकोडं घ्यायचं. त्यांची तक्रार कधीच नव्हती. "वय झालंय त्याचं," एवढंच म्हणायचे, आणि तेही आपुलकीने.

तक्रार खजिनदारांची होती. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, पीएमसी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, नेमायची वेळ आली, सहकारी संस्था कायद्यातलं कलम ७९ अ हे शब्द जिन्यात येता-जाता ऐकू यायला लागले, आणि जुने कागद मागितले जाऊ लागले. अमुक साली गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव झाला होता का? पार्किंगचं वाटप कुठल्या सभेत ठरलं? प्रत्येक प्रश्नाला अप्पा म्हणायचे, "आहे, लॅपटॉपमध्ये आहे," आणि मग समोरचा माणूस थंड होत चाललेला चहा बघत बसायचा. समितीच्या सभेत ऐनवेळचा विषय म्हणून खजिनदारांनी मांडलं: इमारतच नवीन होतेय, लॅपटॉपही नवीन घेऊन टाकू.

मी समितीत नाही. पण नोकरी ऐरोलीत, संगणकाच्याच धंद्यात, त्यामुळे सोसायटीत माझं मत विचारतात आणि मग त्याप्रमाणे वागत नाहीत. या वेळी मी एक अट घातली. नक्की काय मंद झालंय ते आधी बघू, मग काय ते ठरवा.

बघायला फार काही लागत नाही. मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला (तो उघडायलाही वेळ लागला) तर प्रोसेसर सात-आठ टक्क्यांवर निवांत. डिस्कचा रकाना मात्र लालभडक, १०० टक्के. आणि त्या शंभर टक्क्यांत प्रत्यक्ष वाहतूक किती? सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे आकडे परस्परविरोधी वाटतात. डिस्क एवढी घाईला आलेली असेल तर काम इतकं कमी कसं?

ठाण्यात राहणाऱ्यांना मी हे मराठी ग्रंथ संग्रहालयाचं नाव घेऊन सांगते. समजा, तिथे पुस्तक आणून द्यायला एकच माणूस आहे आणि तो एका वेळी एकच चिठ्ठी घेतो. एका कपाटातली वीस पुस्तकं मागाल तर तो गठ्ठा उचलून झटकन देईल. पण वीस कपाटांतलं एकेक पुस्तक मागितलंत तर त्याचा सगळा दिवस चालण्यात जाईल. दिवसभर तो दमलेला, घामाघूम, आणि टेबलावर पुस्तकं वीसच. त्याला आळशी म्हणता येणार नाही. इमारतीची रचनाच तशी आहे.

आता आकडे. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क, म्हणजे डेटा साठवणारी फिरती तबकडी, मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम साठ खेपा. विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून उचलते. एका खेपेत चार केबी मिळाले असं धरलं तर सेकंदाला होतात पाव एमबी. तीच डिस्क सलग वाचायला दिली तर सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. मोठा सिनेमा बघताना ती अडखळत नाही आणि एक पानाची नोटीस उघडताना जीव काढते, त्याचं कारण हेच.

त्यात भर म्हणजे आमच्या लॅपटॉपची रॅम, म्हणजे चालू काम मांडून ठेवायची जागा, ४ जीबी. आजकालचा ब्राउझर दोन-चार टॅबांतच तेवढी खाऊन टाकतो, आणि रॅममध्ये न मावलेलं विंडोज कुठे ठेवते? त्याच डिस्कवर. आधीच दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक गाठोडं.

फिरत्या तबकड्यांची ही कल्पना फार जुनी आहे, १९५६ ची. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यात मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवरचा एक फोटो तेवढी जागा घेतो. जवळजवळ सत्तर वर्षांत अभियंत्यांनी त्या तबकड्या तळहाताएवढ्या केल्या, वाचणारं टोक पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत ठेवलं, साठवण लाखो पटींनी वाढवली. पण फिरणं ते फिरणंच. प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी पावलं टाकायला लागला आणि तबकडी आपल्या फेऱ्यांच्या गतीनेच फिरत राहिली. आमच्या अप्पांच्या लॅपटॉपमधला तिसऱ्या पिढीचा आय-थ्री म्हातारा झालाच नव्हता. तो बिचारा इतकी वर्षं वाट बघत होता.

यावरचा उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं. एसएसडीत फिरणारं काही नसतं. तोशिबात काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ज्या फ्लॅश मेमरीचा पाया घातला, तिच्यात विजेचा भार सूक्ष्म कप्प्यांत अडकवून ठेवतात. कुठलाही कप्पा इतर कुठल्याही कप्प्याइतकाच जवळ. खेपेला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी असा आकडा मोठ्या टायपात छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो बघून घेतं. तो खरा आहे, पण तो सलग वाचनाचा. जुन्या लॅपटॉपला जो फरक जाणवतो तो त्या न छापलेल्या एक दशांशाचा. म्हणूनच हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी स्वस्तातली साधी साटा एसएसडी आणि तिच्याहून सहापट वेगवान म्हणवणारी, वेगळ्या खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी यांत अप्पांना काहीच फरक कळला नसता. तशी या मशीनला एनव्हीएमईची खाचही नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

समितीने एसएसडीला मंजुरी दिली. नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्यात काम होतंय म्हटल्यावर खजिनदारांचं आधुनिकीकरणाचं धोरण जरा सैल झालं. मी ५०० जीबीची घेतली. दुकानात ४८० जीबीची थोडी स्वस्त होती आणि वीस जीबीने आपलं काय अडणार, असं कुणालाही वाटेल. पण जुनी डिस्क ५०० ची असेल आणि ती जशीच्या तशी उतरवून घ्यायची असेल तर नवी तिच्याएवढी किंवा मोठी असलेली बरी. नाहीतर आधी जुन्यावरचा विभाग आकसून घ्यावा लागतो, आणि आजारी डिस्कवर असले खेळ नकोत.

आणि जशीच्या तशीच का उतरवायची, यावरून घरात वाद झाला. नवरा म्हणाला, फ्रेश मार. ऑफिसात मीही सगळ्यांना हेच सांगते. दहा-बारा वर्षांचा गाळ कशाला नव्या डिस्कवर न्यायचा? हवे ते फोल्डर पेनड्राइव्हवर घे, विंडोज कोरी टाक, फोल्डर परत ठेव. मशीन हलकं राहतं, जुनी भुतं मागे राहतात. तत्त्वतः याला उत्तर नाही.

पण पीएमसीच्या ऑफिसातून आलेला एक फोन माझ्या डोक्यात होता. अप्पांनी त्यांना जुन्या सभेचं इतिवृत्त ईमेलने पाठवलं होतं आणि तिथला मुलगा म्हणाला, "काका, फाइल करप्ट आहे." अप्पा चक्रावले. त्यांच्या पडद्यावर तर मराठी अक्षर न अक्षर स्वच्छ दिसत होतं. मी तीच फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली आणि इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, चलनाची चिन्हं, अवतरणं यांचा नुसता सडा पडला.

फाइलीला काहीही झालं नव्हतं. अप्पा सरकारी नोकरीत मराठी टंकलेखनाच्या तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिलेले, त्यांची बोटं टाइपरायटरवर घडलेली. संगणक आला तेव्हा त्यांना त्याच कळफलकाचा जुना मराठी फाँट कुणीतरी टाकून दिला आणि ते आजतागायत त्यावरच टाइप करतात. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी ही त्या काळातली ओळखीची नावं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, रुळायच्या आधी डीटीपीवाल्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळा महाराष्ट्र असल्या फाँटांवर चालत होता. त्यांची युक्ती साधी होती. फाइलीत साठवायचं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फाँटमध्ये त्या चिन्हाच्या जागी काढून ठेवायचा देवनागरीचा तुकडा: कुठे अर्धा 'त', कुठे नुसता काना, कुठे रफार. संगणकाला वाटतं इंग्रजी लिहिलंय. फाँट असेपर्यंत माणसाला मराठी दिसतं. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो.

यातली पहिली वेलांटी मला फार आवडते. 'किती' लिहिताना हाताने आपण ती आधी काढतो की नंतर, यावर वाद घालता येईल, पण टाइपरायटरवर ती आधी दाबावी लागते, कारण ती डावीकडे उमटते. जुन्या फाँटांतही ती आधीच साठवली जाते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी. त्यामुळे जुनं लिखाण युनिकोडमध्ये आणायचं तर प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे न्यावी लागते. जोडाक्षर आलं की ती दोन घरं ओलांडते, आणि रफार असला तर परिवर्तकाची भंबेरी उडते. अशी परिवर्तकं फुकट मिळतात, बरीच चांगली आहेत. पण ज्या कागदावरून उद्या कुणाचं पार्किंग ठरणार आहे, तिथे 'कार्य' आणि 'काय' यातला फरक यंत्रावर सोडवत नाही.

म्हणजे कोरी विंडोज टाकली की काय काय जाणार होतं ते बघा. तो फाँट, ज्याची सीडी कुणाकडे आहे हे आता कुणालाच माहीत नाही. त्या फाँटचा कळफलक. देखभालीच्या बिलांची एक्सेलची ती फाइल, जी 'डी' ड्राइव्हच्या एका ठरावीक फोल्डरातून सदनिकाधारकांची यादी उचलते. शिवाय असा प्रिंटर, ज्याचा ड्रायव्हर परत सापडला तर दिवाळी साजरी करावी. आणि अप्पांचा डेस्कटॉप. अप्पा फाइलींची नावं वाचत नाहीत. त्यांना जागा ठाऊक असतात. "वरून तिसऱ्या ओळीत, उजवीकडून दुसरं, तिथे नोटिसा." नव्या कोऱ्या पडद्यावर मी सगळे फोल्डर नीट वर्णानुक्रमे लावून दिले असते आणि अप्पा स्वतःच्याच कागदांत पाहुणे झाले असते.

दुकानदाराच्या प्रश्नात डेटा म्हणजे फोटो आणि फाइली. त्या तर मी पेनड्राइव्हवर दहा मिनिटांत उचलल्या असत्या. वर सांगितलेल्यातलं एकही त्या पेनड्राइव्हवर आलं नसतं. म्हणून क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल. गाळासकट, भुतांसकट.

क्लोन करायच्या आधी डिस्कची प्रकृती बघितली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, स्मार्ट नावाची. ती वाचून दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, आणि खरं म्हणजे ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आहे त्याने एकदा तरी ती बघावी. आमच्या डिस्कवर पिवळा शेरा होता. काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचायला नकार देत होते, 'बघू, पुन्हा प्रयत्न करू' या यादीत टाकलेले. अशा वेळी क्लोनच्या भानगडीत पडण्याआधी सगळ्यात मोलाचं असेल ते बाहेर काढावं, कारण सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावणं हे आजारी डिस्कला मोठं काम असतं आणि त्यातच तिने राम म्हटलं तर? इतिवृत्तं आणि पत्रव्यवहार आधी पेनड्राइव्हवर घेतले. मग एसएसडी यूएसबीच्या वायरने बाहेरून जोडली आणि रात्रभर क्लोन लावून ठेवला.

तो मध्येच थांबला होता. नादुरुस्त सेक्टर आला की हे प्रोग्रॅम हात वर करतात, आणि 'वाचता येत नसेल ते सोड, पुढे जा' असं त्यांना मुद्दाम सांगावं लागतं. तसं सांगितलं. दुसऱ्या खेपेला पूर्ण झाला. नंतर हुडकलं तेव्हा कळलं, त्या न वाचलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक विंडोजच्या कुठल्याशा तात्पुरत्या फाइलींत होते. एक मात्र सोसायटीच्या सत्यनारायणाच्या फोटोत होता. वरच्या भागात केळीचे खांब, तोरण, भटजींचं डोकं. तिथून खाली सगळा फोटो राखाडी. अप्पांनी तो बघितला आणि म्हणाले, "राहू दे, प्रसाद खाल्ला होता सगळ्यांनी."

प्रत्यक्ष उघडझाप हा या सगळ्यातला सोपा भाग, म्हणून थोडक्यात सांगते. आधी बॅटरी काढली आणि पॉवरचं बटण काही वेळ दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अप्पांनी एका जुन्या नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर लॅपटॉपच्या बुडाची बाह्यरेषा काढली आणि मी काढत गेले तसा एकेक स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीने लावला. लहान-मोठे स्क्रू आपसांत मिसळू नयेत म्हणून याहून चांगली पद्धत मी व्यावसायिकांकडेही पाहिलेली नाही. हार्ड डिस्कची जाडी साडेनऊ मिलिमीटर होती, एसएसडीची सात. स्क्रूंनी ती कंसात घट्ट बसतेच, तरी वरच्या अडीच मिलिमीटरच्या पोकळीत लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घडी करून सरकवला. पंख्यावरची धूळ निघाली तेवढी काढली. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत ती धूळ राहत नाही, तिचा नमदा होतो.

झाकण लावलं, बटण दाबलं. अप्पा सवयीने उठून देवघराकडे निघाले होते. ते वळेपर्यंत डेस्कटॉप आला. तिसरी ओळ, उजवीकडून दुसरं, नोटिसा जागेवर. त्यांनी फोल्डर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. चेहऱ्यावर आनंदापेक्षा संशय जास्त. "सगळं आलंय ना गं? एवढ्यात कसं आलं?"

त्यानंतर आठवडाभर ते जुनी इतिवृत्तं वाचत बसले. आधी फाइल उघडणं हेच काम असल्यामुळे वाचायला कुणी उघडतच नव्हतं. मग जेवताना ऐकवायचे. गच्चीवर पापड वाळत घालण्यावरून झालेली हमरीतुमरी, जी इतिवृत्तात 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली' एवढीच उरली आहे. पाण्याच्या टाकीची गळती, सलग सात वर्षं, सात वेळा 'पुढील सभेत विचार करण्यात येईल'. एका सदस्याने प्रत्येक सभेत हरकत नोंदवलेली, कशालाही. ते गृहस्थ आता नाहीत, आणि त्यांच्या हरकतींपैकी निदान दोन बरोबर होत्या असं अप्पांचं आता मत झालंय. पीएमसीला हवे ते ठराव मिळाले. त्याच मशीनवरून, त्याच फाँटमध्ये, पीडीएफ करून पाठवले, म्हणजे पलीकडे फाँट असो नसो, अक्षर हलत नाही.

चमत्कार वगैरे झाला असं मात्र मी म्हणणार नाही. टास्क मॅनेजर पुन्हा उघडला तेव्हा डिस्कचा रकाना फिकट होता आणि प्रोसेसरचा गडद. अडथळा नाहीसा झाला नव्हता, सरकला होता. व्हिडिओ कॉलवर पंखा अजूनही विमानतळाची आठवण करून देतो. आणि एसएसडीने न सुटणारा एक प्रश्न आहेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ ला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि आमचा आय-थ्री तिसऱ्या पिढीचा. मशीन धडधाकट असताना त्याला सरकारी निवृत्ती मिळावी तसं हे झालं, आणि मला ते पटलेलं नाही. तूर्त त्याचं इंटरनेट काढून टाकलंय. टाइप करायचं, छापायचं, पीडीएफ करून पेनड्राइव्हवर द्यायचं. नाहीतरी ईमेल अप्पा मोबाइलवरच बघतात.

"हे सगळं क्लाउडवर टाकून द्या ना," खजिनदार अजून अधूनमधून म्हणतात. टाकलंय, पीडीएफची एक प्रत तिथेही आहे. पण क्लाउड म्हटलं की माणसं हात वर करून आभाळाकडे दाखवतात त्याची मला गंमत वाटते. मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला जाते. तिथून पुढे रबाळे, महापे या टीटीसी औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यात, जिथे एकेकाळी रासायनिक कारखान्यांच्या वासावरून स्टेशन ओळखता यायचं, तिथे आता डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. आपलं आभाळातलं बरंचसं सामान असल्याच इमारतींत, वातानुकूलित खोल्यांत, शेवटी कुठल्यातरी डिस्कवर असतं. आणि मोठाल्या साठवणीला तिथेही फिरत्या तबकड्या अजून आहेतच, कारण जीबीमागे त्या स्वस्त पडतात.

उरली जुनी हार्ड डिस्क. नवऱ्याचा विचार भंगारात द्यायचा होता. तसं करू नये, निदान कोरी केल्याशिवाय तरी. हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं खरं पुसलं जात नाही, फक्त त्या जागेवर 'रिकामी' अशी पाटी लागते, आणि खटपट करणाऱ्याला ते परत काढता येतं. एसएसडीचं उलट आहे. डिलीट केलं की ट्रिम नावाची आज्ञा जाते, डिस्क ते कप्पे सवडीने मोकळे करते, आणि मग हळहळून उपयोग नसतो. चुकून काही उडवायची सवय असलेल्या घरात हे आधी सांगून ठेवलेलं बरं. आणखी एक, एसएसडी नुसती कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे. कप्प्यांतला भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती वापराच्या एसएसडीकडून अपेक्षा अशी आहे की, लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही तिने ३० अंश तापमानाला विजेशिवाय एक वर्ष डेटा धरून ठेवावा. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त धरते, पण पुस्तकासारखी विसरून जाता येत नाही.

मी हे सांगितलं तेव्हा अप्पांनी चष्मा काढला. "ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे," ते म्हणाले. "तिथलं पुस्तक वाचायला वीज लागत नाही, फाँट लागत नाही. आणि तुमचं हे एक वर्ष?" याच्यावर मी काय बोलणार? इतिवृत्तांच्या छापील प्रती काढून त्यांची बाइंडिंग करायचा ठराव पुढच्या सभेत येतोय, सूचक अप्पा.

जुनी डिस्क मी यूएसबीच्या डबीत बसवली, तिच्यावर अवलंबून राहायचं नाही असं बजावून, आणि सिलिका जेलची पुडी घालून लोखंडी कपाटात ठेवली. अप्पांनी जडवस्तू संग्रह नोंदवही काढली. लॅपटॉपच्या नोंदीखाली रेघ मारून त्यांनी नवी ओळ घातली आणि 'स्थिती' या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आजारी आहे, पण वाचता येते. त्यांनी लिहिलं, 'नादुरुस्त, परंतु उपयुक्त'. मग एसएसडीची वॉरंटी किती वर्षांची ते विचारलं, बिलाची झेरॉक्स मागच्या पानाला टाचली, आणि मूळ बिल कुठे ठेवलंय ते मला तीनदा सांगून घेतलं, कारण ऑडिटर फक्त मूळ बिल धरतो.